कामात जीव अडकतो तेव्हा: ऑफिसातल्या ‘जरा जास्तच’ मनाला लावून घेण्याचं गणित

ऑफिस सुटल्यावर कामाचा फोन न उचलण्याचा हक्क कायद्याने मिळावा, यासाठीचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडलं. पहिल्यांदा त्यांनी ते २०१८ मध्ये मांडलं होतं. मधल्या काळात इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी सुचवलेले आठवड्याचे ७० तास झाले, मग एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास झाले, आणि २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका सीए तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. प्रत्येक वेळी वाद रंगला तो तासांवर: किती तास काम करून घ्यावं, आणि कोणी.

या वादात एक माणूस सुटतो. त्याला रात्री कोणी फोन करत नाही. साडेदहाला तो आपणहून लॅपटॉप उघडतो, कारण उद्याच्या प्रेझेंटेशनमधल्या सातव्या स्लाइडवरची बेरीज त्याला खटकत असते. दुसऱ्या टीमने अर्धवट सोडलेलं काम तो ‘राहू दे, मीच करतो’ म्हणून उचलतो. मीटिंगमध्ये कोणी सहज बोललेलं वाक्य घरी जेवताना त्याच्या डोक्यात फिरत असतं. फोन न उचलण्याचा हक्क त्याला देऊन उपयोग काय? फोन वाजलेलाच नसतो.

हा लेख त्याच्याबद्दल आहे. ऑफिसात अशी माणसं टीममागे एक तरी असतात, आणि बहुतेक टीम त्यांच्याच जिवावर चालतात.

तास वेगळे, ओढ वेगळी

जर्मनीत काम करणारे समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये एक मांडणी केली. ती साधी आहे: माणूस कामात जे घालतो आणि कामातून त्याला जे मिळतं, त्यांचा मेळ दीर्घकाळ बसला नाही तर तब्येतीवर परिणाम होतो. ‘मिळणं’ म्हणजे फक्त पगार नव्हे. पैसा, मान आणि बढती किंवा नोकरीची शाश्वती, असे त्याचे तीन भाग त्यांनी धरले.

या मांडणीत आणखी एक घटक आहे, आणि आपल्याला तोच हवा आहे. त्याला अतिबांधिलकी म्हणू. अर्थ एवढाच की कामाने माणसाला सोडलेलं असतं, पण माणूस कामाला सोडत नाही. ती मोजण्यासाठी जे प्रश्न विचारतात, त्यांचा आशय असा: सकाळी उठल्या उठल्या कामाचे विचार सुरू होतात का? घरी आल्यावर डोकं सहज मोकळं होतं का? जवळची माणसं ‘तू नोकरीसाठी फार सोसतोस’ म्हणतात का? आज करायचं काम उद्यावर गेलं तर झोप लागायला त्रास होतो का? या प्रश्नांत कामाचे तास कुठेच नाहीत. सहाला घरी पोचणारा माणूसही यात पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतो, आणि बारा तास काम करणारा एखादा शून्यावर राहू शकतो.

जीव लावल्याने गळती झाकली जाते

समजा, सोसायटीच्या टाकीचा पाइप गळतोय. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज रात्री त्याखाली बादली लावतात आणि पहाटे कोणी उठायच्या आत ती रिकामी करतात. जिना कोरडा, सेक्रेटरी निवांत, प्लंबरला बोलावायचा प्रश्नच नाही. वर्षभराने हे गृहस्थ चार दिवस गावाला जातात, जिन्यात पाणी साचतं, आणि पहिला प्रश्न येतो: ‘काका, या वेळी बादली का नाही लावली?’

ऑफिसात नेमकं हेच कसं घडतं, ते महिन्याच्या एमआयएस रिपोर्टवरून, म्हणजे वरिष्ठांना जाणाऱ्या आकड्यांच्या अहवालावरून, बघू. चार शाखांचे विक्रीचे आकडे एकत्र करून ३ तारखेला सकाळी वर पाठवायचे आहेत. कागदावर हे दोन तासांचं काम आहे. प्रत्यक्षात एका शाखेच्या फाइलमध्ये तारखा ‘०५.०६’ अशा टिंब देऊन टाइप केलेल्या असतात, म्हणजे एक्सेल त्यांना तारीख समजतच नाही आणि त्या क्रमाने लावता येत नाहीत. दुसऱ्या शाखेत रकमेपुढे ‘/-’ असतं, त्यामुळे बेरीज शून्य येते. शाखेच्या कोडमधला सुरुवातीचा शून्य गळालेला असतो. एकाच पार्टीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असल्याने व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं सूत्र, ‘एन/ए’ (सापडलं नाही) दाखवतं. वर कोणीतरी शोभेसाठी सेल मर्ज करून ठेवलेले असतात, म्हणून पिव्होट, म्हणजे आकड्यांचा सारांश-तक्ता, बसत नाही. आणि ही फाइल येते २ तारखेला संध्याकाळी साडेसहाला.

काळजी करणारा माणूस बसतो, साडेअकरापर्यंत सगळं सरळ करतो, आणि सकाळी नऊला नीटनेटका रिपोर्ट वर जातो. वरच्या साहेबांना काय दिसलं? रिपोर्ट वेळेवर आला. शाखेला काय कळलं? अशी फाइल चालते. पुढच्या वर्षी मनुष्यबळाचा हिशेब होतो तेव्हा या कामापुढे किती तास लिहिले जातात? दोन.

म्हणजे इथे तिघांपर्यंत पोचायला हवी होती ती माहिती एकाच माणसाने रात्रीतून पुसून टाकली. टीममध्ये माणूस कमी आहे, शाखेची पद्धत चुकीची आहे, ३ तारीखच अवास्तव आहे, यातलं काहीही व्यवस्थेपर्यंत पोचलं नाही. कामात जीव असणं हा यातला दोष नव्हे. दोष एवढाच की ज्या गोष्टीवर आपला अधिकार नाही तिची जबाबदारी आपण घेतली, आणि तीही गुपचूप.

मग पाट्या टाकायच्या का?

ही पहिली हरकत, आणि रास्त आहे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असा सल्ला देणारे बरेचदा ‘थातूरमातूर कर’ असंच सांगत असतात, आणि ज्याला चांगलं काम करायची सवय आहे त्याला ते जमत नाही. जमू नयेच.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आवडीच्या कामाबद्दलच्या ओढीचे दोन प्रकार वेगळे केले. एकात काम माणसाच्या आयुष्यात इतर गोष्टींच्या शेजारी बसतं. तो ते उचलतो आणि खाली ठेवू शकतो. दुसऱ्यात कामच त्याला धरून ठेवतं, कारण स्वतःची किंमत त्यावर ठरत असते. बाहेरून दोघंही सारखेच मेहनती दिसतात. फरक दिसतो तो काम परत आल्यावर. पहिला विचारतो, ‘कुठे चुकलं?’ दुसऱ्याला ऐकू येतं, ‘तू चुकलास.’

व्यवहारात दर्जा कमी करायचा नसतो, तो कुठे लावायचा ते ठरवायचं असतं. ऑफिसातली सगळी कामं सारख्या काळजीची नसतात. ७ तारखेचा टीडीएसचा भरणा, २० तारखेचं जीएसटीचं विवरणपत्र (जीएसटीआर-३बी), पगाराची फाइल, ग्राहकाला जाणारं कोटेशन: इथे एक चूक म्हणजे व्याज, लेट फी किंवा भांडण. इथे दोनदा तपासा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, गरज पडली तर उशिरापर्यंत बसा. पण टीमच्या आतल्या आढाव्याची स्लाइड, जी चार माणसं दोन मिनिटं बघणार आणि विसरणार, तिच्यातल्या बाणांचा रंग जुळवायला पाऊण तास घालवणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

कसोटी सोपी आहे. यात चूक राहिली तर ती कोणाला, कधी कळेल आणि दुरुस्त करायला काय लागेल? ‘कोणाला कळणारच नाही’ किंवा ‘एका मेलने दुरुस्त होईल’ असं उत्तर आलं तर काम बरं झालं की सोडावं.

‘पण साहेबांच्या लक्षात येतंच ना?’

बहुतेकदा येत नाही, आणि त्यामागे दुष्टपणा असेलच असं नाही. मोठ्या कंपन्यांत अप्रेझल कसं होतं ते माहीत असलं की हे कळतं. पगारवाढीसाठीची एकूण रक्कम आधी ठरते. मग वेगवेगळ्या टीमचे मॅनेजर एकत्र बसून सगळ्यांची रेटिंग्ज शेजारी शेजारी ठेवतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्याच असतात. तिथे तुमच्या मॅनेजरला तुमच्याबद्दल बोलायला दोन-चार वाक्यांची संधी मिळते. त्यात ‘नवीन बिलिंग सिस्टिम आणली’ हे बसतं. ‘वर्षभर सगळ्यांच्या चुका निस्तरल्या’ हे बसत नाही, कारण निस्तरलेली चूक कुठे नोंदलेलीच नसते.

त्यातून कामांची एक उतरंड तयार होते. मीटिंगचे मुद्दे लिहिणं, नव्या मुलांना बसवून शिकवणं, वाढदिवसाचा केक, ऑडिटरला कागद काढून देणं ही कामं करावी तर लागतात, पण बढतीच्या वेळी मोजली जात नाहीत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की अशा कामांसाठी स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे येतात, आणि ती करायला सांगितलीही त्यांनाच जास्त जातात. ‘तूच छान करतेस गं’ हे वाक्य कोणत्या कामांसाठी ऐकू येतं, ते एकदा मोजून बघावं.

२०२० मधलं आणखी एक संशोधन जरा कडू आहे. एखाद्याला कामाची मनापासून आवड आहे असं कळलं, की त्याला जादा, बिनपैशाचं किंवा त्याच्या पदाबाहेरचं काम देणं लोकांना अधिक योग्य वाटतं. ‘त्याला आवडतंच की’ एवढं कारण पुरतं. म्हणजे उत्साह दाखवल्याने बढती मिळेल न मिळेल, काम मात्र नक्की मिळतं.

रात्री डोकं बंद का होत नाही

अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात, हा सगळ्यांचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून माणूस ते काम रात्रीच संपवायला बसतो. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन संशोधकांनी दाखवलं की डोकं शांत व्हायला काम पूर्ण होण्याची गरज नसते. ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली तरी मध्येमध्ये येणारे विचार कमी होतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. अभ्यास लहान आहे, फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण करून बघायला खर्च कागदाचा आणि पाच मिनिटांचा.

यादी मोघम असली की उपयोग होत नाही, गडबड होते ती इथेच. ‘एमआयएसचं बघणे’ असं लिहिलं तर डोकं रात्रभर तेच बघत बसतं. ‘उद्या १० वाजता कोल्हापूर शाखेला फोन, जूनची फाइल नव्या फॉरमॅटमध्ये मागणे, १२ पर्यंत आली नाही तर साहेबांना मेल’ असं लिहिलं तर विषय मिटतो. ऑफिसातून निघण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटं यासाठी राखावीत. निघायच्या घाईत लिफ्टमध्ये मोबाइलवर खरडलेली यादी आपल्यालाच सकाळी लागत नाही.

बादली काढायची कशी

एकदम काढायची नाही. जो माणूस दोन वर्षं सगळं सांभाळत आला तो एका सोमवारपासून न सांगता थांबला, तर लोकांना गळती दिसत नाही, ‘याचं हल्ली लक्ष नाही’ एवढंच दिसतं.

आधी दोन आठवडे नोंद ठेवा. वहीत किंवा एक्सेलमध्ये तीनच रकाने: काम काय, वेळ किती गेला, आणि हे काम खरं कोणाचं. पंधरा मिनिटांच्या खालचं काही लिहू नका, नाहीतर नोंद ठेवणं हेच एक काम होऊन बसतं आणि तिसऱ्या दिवशी सुटतं. दोन आठवड्यांनी तिसऱ्या रकान्यात दुसऱ्याचं नाव असलेल्या ओळींची बेरीज करा.

त्यातली एकच ओळ निवडा. नियम असा, की ते काम चुकलं तर नुकसान भरून येण्यासारखं हवं, आणि त्याचा खरा धनी स्पष्ट हवा. पगार, सरकारी भरणा, ग्राहकाचे पैसे यांवर हा प्रयोग करू नका. मार्चमध्ये किंवा ऑडिटच्या आठवड्यात तर मुळीच नको. तेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

मग निर्णय ज्याचा आहे त्याच्या टेबलावर ठेवा, लेखी. ‘माझ्यावर लोड फार आहे’ असं म्हणू नये, कारण त्यावर ‘सगळ्यांवरच आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. आकडा आणि पर्याय द्यावेत. मेल इंग्रजीत जाईल हे उघड आहे, पण मजकूर साधारण असा:

‘सर, जूनचा एमआयएस ३ तारखेला सकाळी द्यायचा आहे. नाशिक आणि कोल्हापूरची फाइल २ तारखेला संध्याकाळी आणि वेगळ्या फॉरमॅटमध्ये येते. ती सरळ करायला साधारण पाच तास लागतात. तीन मार्ग आहेत. एक, दोन्ही शाखांनी सोबतच्या टेम्प्लेटमध्येच २ तारखेला दुपारी १२ पर्यंत फाइल द्यावी. दोन, रिपोर्ट ४ तारखेला द्यावा. तीन, रिपोर्ट ३ तारखेलाच जाईल, पण या दोन शाखांचे आकडे प्रोव्हिजनल (तात्पुरते) म्हणून जातील. कोणता मार्ग धरू? आपलं उत्तर २७ तारखेपर्यंत आलं नाही तर तिसरा धरून चालते.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर उत्तर येत नाही आणि २ तारखेच्या रात्री आपण पुन्हा तिथेच बसतो. टेम्प्लेटही खरोखर सोबत जोडा: हेडर लॉक केलेले, तारखेच्या रकान्यात तारखेशिवाय काही टाइप होणार नाही असं व्हॅलिडेशन, आणि पार्टीचं नाव यादीतूनच निवडता येईल असा ड्रॉपडाउन. एवढं करायला तास-दीड तास लागतो, एकदाच. कामातला जीव लावायची जागा ही.

आणि मग ३ तारखेला ‘प्रोव्हिजनल’ लिहिलेला रिपोर्ट खरंच पाठवा. इथे दहातले आठ जण कच खातात. दुपारी शाखेला वरून फोन जातो, थोडी आदळआपट होते, पुढच्या महिन्यात फाइल वेळेवर येते. कधी पुढच्याच्या पुढच्या महिन्यात.

‘आमच्याकडे हे चालणार नाही’

काही ठिकाणी खरंच चालत नाही. प्रोबेशनवर असलेल्याने, किंवा घराचा हप्ता आणि एकटा पगार अशी स्थिती असलेल्याने, तिसरा मार्ग स्वतःहून धरू नये. पर्याय विचारून थांबावं आणि नोंद मात्र ठेवावी. मॅनेजर मेलला उत्तर न देता तोंडी ‘तू करून टाक’ म्हणाला, तर त्याच मेलवर ‘आपल्या बोलण्यानुसार या महिन्यात मी करते आहे, पाच तास जादा’ एवढं लिहून ठेवावं. ऑक्टोबरच्या मिड-इयर चर्चेत अशा चार ओळी हाताशी असल्या तर बोलायला मुद्दा राहतो. एप्रिलमध्ये त्या काढून उपयोग नाही. पैसे तोवर वाटून झालेले असतात.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर आहे; दिवसाची मर्यादा मूळ कायद्यात ९ तासांची होती. रोजचे ९ तास १० करण्याच्या बदलाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि नंतर त्याचा अध्यादेशही निघाला. व्यवस्थापकीय पदांना मात्र तासांची मर्यादा लागू नाही. शिवाय तुम्ही स्वतःहून रात्री फाइल उघडलीत, तर ते ओव्हरटाइम म्हणून मंजूर कोणी केलं होतं, हा प्रश्न येतोच.

कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं

बर्नआउट हा शब्द हल्ली कोणत्याही कंटाळ्याला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नोंदलेला नाही; न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून येणारी स्थिती अशी त्याची व्याख्या आहे आणि तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. जीव लावणाऱ्यांच्या बाबतीत दुसरी खूण फसवी असते. कालपर्यंत सातव्या स्लाइडसाठी जागणारा माणूस ‘मरू दे, मला काय’ म्हणू लागला की घरच्यांना वाटतं, सुधारला. बरेचदा तो सुधारलेला नसतो, संपत आलेला असतो.

तासांचं ओझंही शरीर मोजत असतंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी अधिक आढळला. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर एक्सेलचे रकाने बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

रजा: सगळ्यात स्वस्त तपासणी

रिझर्व्ह बँकेचा एक नियम इथे कामाचा आहे. संवेदनशील पदांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची, आणि त्या काळात ऑफिसच्या ईमेलखेरीज कामाच्या कोणत्याही सिस्टिमला त्यांना हात लावू द्यायचा नाही, असं २०२१ च्या परिपत्रकात आहे. हेतू गैरव्यवहार उघडकीला येण्याचा: रोज झाकलं जाणारं काही असेल तर झाकणारा नसताना ते वर येतं. चांगल्या हेतूने झाकलेल्या गोष्टींनाही हेच लागू आहे.

तुम्हाला दहा दिवस कोणी देणार नाही. पाच घ्या, महिनाअखेर टाळून. निघण्यापूर्वी एका पानाचं हँडओव्हर करा: चालू कामं, प्रत्येकापुढे सांभाळणाऱ्याचं नाव, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि कोणत्या दोनच कारणांसाठी फोन करायचा. पासवर्ड त्यात लिहू नका, ॲक्सेस आयटीकडून देववा. रजेत फोन आला तर उचला हवं तर, पण काम करू नका. कशासाठी आला तेवढं लिहून ठेवा. हँडओव्हरच्या पानावर नसलेल्या कामासाठी फोन आला असेल, तर ते काम आजवर तुमच्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. परत आल्यावर पुढची मेल त्याच कामाबद्दल लिहायची.